देवांनी भरलेली हार्ड डिस्क

"मीना, अगं हे काय म्हणतंय बघ. लाल रंगात लिहिलंय. लाल म्हणजे काहीतरी वाईटच असणार."

मी फी घेत होते. हातातली पावती तशीच टाकून कोपऱ्यातल्या मशीनपाशी गेले. पडद्यावर लिहिलं होतं, 'Disk full'. खाली इंदुमतीकाकूंचं नगर दिसत होतं. नदी, नदीवर नवाकोरा पूल, पुलापलीकडे नुकतीच टाकलेली पाण्याची लाइन. आणि ते सगळं सेव्ह व्हायला नकार देत होतं.

त्या दिवशी शनिवार होता, आणि स्पर्धेची शेवटची तारीख.

आधी थोडं सांगते. नव्वदीच्या अगदी शेवटची गोष्ट. आमच्या ह्यांची रेल्वेत बदली झाली म्हणून मी अकोल्याहून बनारसला आले होते आणि गोदौलियाजवळच्या एका कंप्युटर सेंटरमध्ये शिकवायचे. सेंटरचे मालक त्रिपाठीजी. सकाळी टॅली आणि टायपिंगचे वर्ग, दुपारी इंटरनेट. इंटरनेट म्हणजे फोनच्या तारेवरून यायचं ते. मोडेम किंचाळायचा, लाइन लागली तर लागली, नाहीतर पुन्हा किंचाळायचा. त्यामुळे आमच्याकडे येणारा माणूस बहुतेक वेळ वाट बघण्यातच घालवायचा.

इंदुमतीकाकूही अशाच वाट बघत बसल्या होत्या. भाच्याला कॅनडात ई-मेल पाठवायचा होता. वय साठीच्या आसपास, नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. मंगला गौरीजवळच्या गल्लीत घर. यजमान गुरुजी, महाराष्ट्रातून येणाऱ्या लोकांची श्राद्धं, अभिषेक करणारे. लाइन लागेना, म्हणून मी त्यांना कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर एक खेळ लावून दिला. रस्ते टाकायचे, वीज आणायची, पाणी आणायचं, मग माणसं राहायला येतात.

"कुणाचं शहर आहे हे?" काकूंनी विचारलं.

"तुमचंच. तुम्ही बांधाल तसं."

"माझं?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांची थट्टा करतेय.

त्या दिवसापासून रोज दुपारी गुरुजी वामकुक्षीला आडवे झाले, की काकू चपला घालून हजर. घरी सांगायच्या, "मीनाकडे जाऊन येते." खोटं नव्हतंच म्हणा ते.

मग मला इंटरनेटवर परदेशी मंडळींची एक साइट सापडली. हाच खेळ खेळणारे लोक तिथे दर महिन्याला स्पर्धा घ्यायचे. विषय द्यायचे, आपण आपलं नगर बांधून फाइल पाठवायची, ते बघून निकाल लावायचे. त्या महिन्याचा विषय होता नदीकाठचं नगर. काशीत जन्म गेलेल्या बाईला आणखी काय हवं? मी सहज सांगितलं आणि काकू एकदम गंभीर झाल्या.

"मीना, एक बोलू? मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा खिडक्या होत्या तिथे होत्या, चूल होती तिथे होती. सासूबाईंनी फडताळ जिथे ठेवलं तिथेच ते अजून आहे. कुणी वाईट नव्हतं गं. पण मला कुणी कधी विचारलंही नाही. माझ्या मनानं मांडलेली ही एकच गोष्ट आहे आयुष्यात. ती कुणीतरी परक्यानं बघावी, बस. बक्षीस गेलं खड्ड्यात."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी मोडेम बघायच्या निमित्तानं लपवलं. आणि ठरवलं, काकूंचं नगर जाणार म्हणजे जाणार.

आता त्या लाल अक्षरांकडे येऊ. डिस्क भरली कशी? मशीन जुनं होतं. त्याची अख्खी हार्ड डिस्क एवढीशी, की आज तिच्यात एका मुंजीचा व्हिडिओ मावणार नाही. तरी पण एका खेळानं ती भरावी? मी काकूंचा फोल्डर उघडला आणि कपाळाला हात लावला.

शंकर, शंकर, शंकर. गणपती. विठ्ठल. दत्त, दत्त, दत्त. देवी. हनुमान. सूर्य. संपूर्ण पडदाभर देव, आणि खाली सरकवत नेलं तरी देव संपेनात.

"काकू, हे काय?"

"व्यवस्थित ठेवल्यात हो. तूच म्हणालीस ना फाइलींना नीट नावं द्यावीत म्हणून? रविवारी बसले की सूर्य, सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, बुधवारी विठ्ठल, गुरुवारी दत्त, शुक्रवारी देवी, शनिवारी हनुमान." काशीत इतकी वर्षं राहून त्यांच्या मारुतीचा हनुमान झाला होता. "पुढे नंबर घालते. एकादशी आली तर वार कुठलाही असो, विठ्ठल. चतुर्थीला गणपती. प्रदोषाला शंकर."

"पण जुनीवरच सेव्ह करायचं ना! प्रत्येक वेळी नवीन कशाला?"

"म्हणजे देवाचं नाव पुसून वर दुसरं लिहायचं?" काकूंनी कानाला हात लावला. "आमच्याकडे ज्या कागदावर श्री लिहिलंय तो कागदसुद्धा केरात टाकत नाहीत. गंगेत सोडतात."

आता तुम्हीच सांगा, ह्यावर कंप्युटरचं कुठलं पुस्तक उत्तर देईल?

मी म्हटलं, "काकू, थोड्या पुसूया. जागा झाली की आजचं सेव्ह होईल. हा खेळ स्वतःच्या फोल्डरशिवाय दुसरीकडे कुठे सेव्हच करत नाही, फ्लॉपीवरही नाही."

"नाही."

"निदान दोन पुसूया."

"मीना, नाही म्हटलं ना."

एवढ्यात त्रिपाठीजी आले. त्यांना दुसऱ्या दिवशीच्या प्रॅक्टिकलसाठी तेच मशीन हवं होतं. डिस्क भरली म्हटल्यावर ते भडकले.

"मैडम, यह क्या तमाशा है? कल बच्चों का प्रैक्टिकल है. सब हटाइए, एकदम साफ! हटिए, हम खुद करते हैं."

त्यांनी चष्मा लावला, माऊस हातात घेतला आणि यादी बघितली. हनुमानावर येऊन बाण थांबला. त्रिपाठीजींचा हातही थांबला.

"आज सनीचर है ना?"

"हो."

"हमसे नहीं होगा, मैडम." त्यांनी माऊस असा सोडला, की जणू तो तापला होता. पडद्याला हात जोडले. "आप देखिए. लेकिन कल सुबह मशीन खाली चाहिए." आणि पान खायला निघून गेले. मालकाची श्रद्धा ती श्रद्धा, आणि नोकरी मात्र माझी!

मी पुन्हा काकूंना समजवायला बसले, आणि बिजली गेली.

इथे एक गोष्ट समजावून सांगते. आपण मशीनवर काम करतो तेव्हा ते मेमरीत असतं. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. ओट्यावरचं दूध फडताळात ठेवलं नाही आणि मांजर आलं, की संपलं. वीज जाणं म्हणजे मांजर. आमच्याकडे यूपीएस होता, पण तो म्हातारा. वीज गेली की खोकल्यासारखा वाजायचा आणि थोड्या वेळात मान टाकायचा.

"काकू, पटकन! एक पुसते. एकच. सूर्य पुसू का? तो उद्या परत उगवणारच आहे."

"चेष्टा सुचतेय तुला!"

"मग पूल जाईल तुमचा!"

काकूंनी पडद्याकडे बघितलं. यूपीएस वाजत होता. त्यांनी माऊसवर स्वतःचा हात ठेवला, म्हणजे मी काही करू नये म्हणून. आणि म्हणाल्या, "जाऊ दे पूल."

पडदा काळा झाला.

मी चिडले होते, खोटं कशाला सांगू. पण काकूंचा चेहरा बघितला आणि राग गिळला. त्या पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, "सकाळीच स्वयंपाक उरकून ठेवला होता गं. पूल कसा टाकायचा ते रात्रभर डोक्यात होतं."

थोड्या वेळानं वीज आली. आणि विजेच्या मागोमाग दारात गुरुजी. धोतर, उपरणं, हातात काठी. मी त्यांना त्याआधी फक्त दोनदा घाटावर पाहिलं होतं. काकू ताडकन उभ्या राहिल्या.

"अहो, तुम्ही इकडे?"

"वीज गेली, म्हटलं अंधारात पायरीवर पडशील. म्हणून आलो." गुरुजींनी शांतपणे खुर्ची ओढली. "काय झालंय? रडायला काय झालं?"

"रडत नाहीये मी."

"बरं."

मी सगळं सांगून टाकलं. नगर, स्पर्धा, देवांची नावं, भरलेली डिस्क. काकू मला डोळ्यांनी गप्प करत होत्या, पण आता गप्प बसून काय होणार होतं? आणि शेवटी विचारलं, "गुरुजी, तुम्हीच सांगा. देवाच्या नावाची फाइल पुसली तर दोष लागतो का?"

गुरुजींनी यादी मला सावकाश वाचून दाखवायला लावली. मग काकूंकडे वळून म्हणाले, "अगं, मातीचा गणपती आणतो. प्राणप्रतिष्ठा करतो. मग पाण्यात सोडतो ना? तेव्हा दोष लागतो का? आवाहन केलं की विसर्जन आलंच. न विसर्जन करता देव असे ताटकळत ठेवणं, हा दोष."

"म्हणजे इतके दिवस..."

"ताटकळलेत बिचारे." गुरुजींच्या मिशीत हसू होतं. "अक्षता आहेत का इथे?"

अक्षता कुठून असणार? समोरच्या दुकानातून चिमूटभर तांदूळ आणले, काकूंनी करंड्यातलं कुंकू लावलं. पण गुरुजींनी हात आवरला. "विसर्जनाआधी ठेवायचं काय ते ठरवा. हिचं नगर ह्यातल्या कुठल्या देवाच्या नावानं आहे? परवापरवाचं?"

आणि इथे खरा घोटाळा झाला. खेळ उघडला की शेवटचं नगर आपोआप समोर यायचं, त्यामुळे काकूंना फाइल शोधायची वेळच कधी आली नव्हती. वीज गेल्यावर खेळाची ती आठवण पुसली गेली होती. मी म्हटलं, तारखेवरून शोधू. प्रत्येक फाइलीशेजारी मशीन तारीख लिहितं. पण मशीनच्या आत घड्याळ चालवणारी एक छोटी बॅटरी असते, ती मेली होती आणि त्रिपाठीजी बदलत नव्हते. त्यामुळे त्या मशीनच्या मते रोजच एक जानेवारी, एकोणीसशे ऐंशी. सगळ्या देवांची तारीख एकच!

"काकू, ह्या आठवड्यात शेवटचं कधी बसलात?"

"साताऱ्याची मंडळी उतरली होती ना घरी, सगळं पार गोंधळलंय. बुधवारी बसले बहुतेक."

शेवटच्या नंबरचा विठ्ठल उघडला. ते मशीन एक फाइल उघडायला इतका वेळ घ्यायचं, की तेवढ्यात चहा होऊन थंडही व्हावा. आलं ते नगर जुनं निघालं, अर्धंमुर्धं.

"मग गुरुवारी असेल."

शेवटचा दत्त उघडला. तोही जुना. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. अशा सगळ्या उघडत बसलो तर फाइल पाठवायला वेळच उरला नसता. काकू हताश होऊन म्हणाल्या, "राहू दे मीना. नाही नशिबात."

"शंकर बघा," गुरुजी म्हणाले.

"अहो, सोमवारी मी आलेच नव्हते."

"सोमवारचा नव्हे. परवा गुरुवारी प्रदोष होता. तू दत्त लिहिला नसशील, शंकर लिहिला असशील. शेवटचा शंकर बघा ताई."

"पण गुरुवारी मी इथे होते, हे तुम्हाला..."

"प्रदोषाच्या पूजेला चंदन मी एकट्यानं उगाळलं त्या दिवशी. दिवेलागण होऊन गेल्यावर आलीस तू." गुरुजी पडद्याकडेच बघत होते. "आणि आनंदात होतीस. भाताला मीठ दोनदा घातलंस."

"तुम्हाला ठाऊक होतं मी इथे येते ते?"

"अगं, आपल्या गल्लीतल्या सांडालासुद्धा ठाऊक आहे."

"मग बोलला नाहीत ते?"

"तू सांगितलं नाहीस. म्हटलं, असेल काही हिचं स्वतःचं."

मी शेवटच्या नंबरचा शंकर उघडला. आणि हळूहळू, वरून खाली, नदी आली. घाट आले. गल्ल्या, शाळा, पाण्याची टाकी. पूल सोडून सगळं नगर होतं तसं आलं.

"हेच!" काकू ओरडल्या. टायपिंगची मुलं वळून बघायला लागली.

गुरुजी पुढे वाकले. चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली आणला. बराच वेळ बघत राहिले.

"हे सगळं तू केलंस?"

"हो."

"नदीत गटार कुठून सोडलंस?"

"सोडलंच नाही. सगळं मागच्या बाजूला नेलंय, शुद्ध करायला."

"आणि देऊळ? देऊळ दिसत नाही कुठे."

"आधी पाणी. मग देऊळ." काकूंनी ठणकावून सांगितलं. त्यांचा असा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. मला वाटतं, गुरुजींनीही.

"बरोबर आहे," गुरुजी म्हणाले. "हात धुतल्याशिवाय देवळात कोण जाणार?"

मग विसर्जन झालं. गुरुजींनी खणखणीत आवाजात मंत्र म्हटला, काकूंनी मशीनवर अक्षता वाहिल्या. त्यातल्या निम्म्या कीबोर्डमध्ये गेल्या, पुढे कित्येक दिवस आमचं E बटण कुरकुरत होतं. मी तो एक शंकर बाजूला ठेवला आणि बाकीचे देव निवडून डिलीट दाबलं. सगळे जाऊन रिसायकल बिनमध्ये पडले.

"हे काय?" गुरुजींनी विचारलं.

"पुसलेलं आधी इथे जमा होतं. लागलं तर परत आणता येतं."

"वा! पुनरागमनाय च. सोय चांगली आहे."

"पण गुरुजी, हेही रिकामं केल्याशिवाय जागा होत नाही."

"मग करा. देव काही कुणाची जागा अडवून बसत नाहीत. माणसंच बसतात."

जागा झाली. काकू पूल टाकायला बसल्या, पण घाईनं हात चुकायला लागला. एक रस्ता नदीतच गेला. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"नाही होत. पलीकडचा काठ रिकामा दिसतोय. परीक्षक म्हणतील, हिला अर्धवट टाकायची सवय आहे."

"अगं, राहू दे की रिकामा," गुरुजी म्हणाले. "आपल्या इथे तरी पलीकडे काय आहे? नुसती वाळू. म्हणून तर सकाळी सूर्य सरळ घरात येतो. तिकडे इमारती असत्या तर आपण अर्घ्य भिंतीला दिलं असतं."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग नगराकडे बघितलं. नदीत गेलेला रस्ता पुसला आणि पलीकडचा काठ सोडून दिला. "असू दे. हेच माझं नगर."

आता नाव. स्पर्धेचा नियम होता, फाइलीचं नाव म्हणजे भाग घेणाऱ्याचं नाव. त्या जुन्या खेळाला फक्त आठ अक्षरं चालायची, इंग्रजी. काकू गोंधळल्या. "ह्यांचं नाव घालू? का आडनाव? घरातून जातंय ना शेवटी."

"तू बांधलंस," गुरुजी म्हणाले. "मी तर गवंडीसुद्धा नव्हतो."

काकूंनी एका बोटानं, एकेक बटण शोधत टाइप केलं. INDUMATI. मी मोजली, बरोबर आठ अक्षरं झाली. एकही कापावं लागलं नाही.

मोडेम किंचाळला, गप्प झाला, पुन्हा किंचाळला. गुरुजींनी कानावर उपरणं घेतलं. कितव्यांदा तरी लाइन लागली, आणि फाइल गेली. काकूंनी विचारलं, "पोचली?" मी म्हटलं, "पोचली." त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि मग खरंच रडल्या. गुरुजींनी उपरण्याचं टोक पुढे केलं.

निकाल काही आठवड्यांनी लागला. पहिला नंबर काकूंचा नव्हता, दुसराही नव्हता. पण उल्लेखनीय नगरांमध्ये नाव होतं, 'इंदुमती, भारत'. खाली परीक्षकांचा शेरा होता: ह्या नगरात पाणी सगळ्यांत आधी पोचवलं आहे, आणि नदीचा एक पूर्ण काठ मोकळा सोडण्याचं धाडस दुसऱ्या कुणी केलं नाही. मी मराठीत वाचून दाखवलं. काकूंनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "पहिली आलीय तिचे रस्ते दाखव बरं." बक्षीस खड्ड्यात गेलेलं बाईंना अजिबात रुचलं नव्हतं!

गुरुजींनी नगराचा छापील कागद मागितला. आमचा प्रिंटर काळा-पांढरा, रेघा मारत जाणारा. तरी नदी ओळखू यायची. तो कागद त्यांनी घरच्या बाहेरच्या खोलीत लावला, जिथे श्राद्धाला आलेली मंडळी बसतात. एकदा मी काकूंकडे हळदीकुंकवाला गेले होते, तेव्हा नाशिकचे कुणी गृहस्थ तो कागद बघत होते. "गुरुजी, हे कुठलं तीर्थ?" त्यांनी विचारलं. गुरुजी दर्भ निवडत होते. चारचौघांत बायकोचं नाव न घेणारी ती पिढी. मान वर न करता, अगदी स्पष्ट आवाजात ते म्हणाले, "इंदुमतीचं नगर. माझी पत्नी. तिनं बांधलंय." आत काकूंच्या हातातलं अत्तरदाणीचं झाकण खाली पडलं.

मी त्यानंतर पुष्कळ वर्षं कंप्युटर शिकवला. फाइली कशा ठेवाव्यात, ह्याचा तास मी पहिल्याच दिवशी घेते. मुलांना सांगते, तारखेवर विसंबू नका, मशीनचं घड्याळ कधीही मरतं. जुन्या फाइली वेळच्या वेळी पुसा. आणि नाव असं द्या, की तुम्ही विसरलात तरी घरातल्या कुणाला ती फाइल शोधून काढता यावी. अर्थात, त्यासाठी घरात तसं कुणीतरी असावं लागतं.